कौंट रम्फर्ड व जळणाची काटकसर

शीत देशांतील थंडीची खरी कल्पना आम्हां दक्षिणेत राहणारांस येणें कठीण. पौषांत पहांटे अंगणांत शेकोटी पेटवून घटकाभर हात शेकले कीं आमचा हिवाळा आटोपला! परंतु लंडन, म्यूनिक, बोस्टन इत्यादि शहरांत वर्षांतील पांच-सहा महिने घरांत अग्नि जागता ठेवावा लागे. आणि त्या अग्नीस लागणारें सरपण किंवा कोळसा ही गरीब गृहस्थाच्या संसारांत भाकरीच्या खालोखाल मोठ्या खर्चाची बाब असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील एखाद्या सुखवस्तु घरीं कोणी पाहुणा गेला असता, तर त्यास काय आढळलें असतें? भिंतींत कोनाड्यासारखी केलेली भली मोठी शेगडी, तींत धडधडणारा कोळशाचा जाळ, आणि जाळापुढें दाटीनें बसलेलीं माणसें. तोंड भाजत आहे आणि पाठ गारठत आहे. दाराखिडक्यांच्या फटींतून वारा आंत घुसत आहे. मधूनच धुराचा लोट उलटून खोलींत शिरत आहे आणि डोळे चोळतां चोळतां सर्वांची पुरेवाट होत आहे. यावर उपाय काय, तर आणखी कोळसा घाला! हाच उपाय करीत पिढ्यान् पिढ्या गेल्या. ही सारी धग जाते तरी कोठें, हा साधा प्रश्न ज्यानें नेटानें विचारला, आणि नुसता विचारून न थांबतां थर्मामीटर, गज व थापी हातीं घेऊन त्याचें उत्तर काढलें, त्या विलक्षण मनुष्याचें चरित्र येथें सांगावयाचें आहे. त्याचें मूळ नांव बेंजामिन टॉमसन. जगांत तो कौंट रम्फर्ड या नांवानें प्रसिद्ध आहे. तो थोर बुद्धीचा होता. परंतु सर्वस्वीं चांगला होता असें मात्र म्हणवत नाहीं, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत ठेवावें.

ता. २६ मार्च १७५३ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतीं वोबर्न या खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. मूल दोन वर्षांचें होण्यापूर्वींच बाप वारला व आईनें दुसरें लग्न केलें. तेराव्या वर्षीं त्याला सेलम येथील एका व्यापाऱ्याच्या दुकानीं उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें. दुकानाच्या कामांत या पोराचें चित्त नव्हतें. माप घेणें, आकृत्या काढणें, यंत्रें जुळविणें यांतच तो गढलेला असे. १७६६ सालीं इंग्रज सरकारानें स्टांपाचा कायदा रद्द केला, तेव्हां त्या आनंदोत्सवासाठीं स्वतःच शोभेची दारू तयार करतां करतां ती एकाएकीं पेटली आणि बेंजामिन चांगलाच भाजला. उष्णतेशीं त्याची पहिली ओळख ही अशी झाली म्हणावयाची! पुढें बोस्टन येथील एका कापडाच्या दुकानींहि त्याचें बस्तान बसलें नाहीं. कांहीं काळ एका वैद्याजवळ त्यानें विद्या घेतली. लोआमी बाल्डविन नांवाच्या मित्राबरोबर तो केंब्रिज येथील हार्वर्ड विद्यालयांत शास्त्राचीं व्याख्यानें ऐकण्यास कित्येक मैल पायीं जात असे. गाडीस पैसा नसलेल्या या पोराच्या नांवाची अध्यापकाची जागा पुढें त्याच विद्यालयांत स्थापन व्हावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

१७७२ सालीं तो न्यू हँपशर प्रांतांत कांकर्ड या गांवीं शिक्षक म्हणून गेला. या गांवाचें पूर्वींचें नांव रम्फर्ड. तेथें सेरा रोल्फ नांवाची एक धनवान विधवा होती. ती त्याच्याहून वयानें बरीच मोठी. पण नोव्हेंबरांत दोघांचा विवाह झाला, आणि एकोणीस वर्षांचा हा मास्तर एकदम जमीनदार बनला. गव्हर्नराची मर्जी संपादून त्यानें प्रांतिक सैन्यांत मेजरची जागाहि मिळविली. १७७४ सालीं त्यांस एक कन्या झाली. तिचेंहि नांव सेराच ठेविलें.

यापुढील प्रकरण सुखानें सांगण्यासारखें नाहीं. अमेरिकेंतील वसाहतींनीं इंग्लंडच्या राजाविरुद्ध शस्त्र उचललें, तेव्हां टॉमसनचा ओढा राजाकडे होता. गांवकऱ्यांचा जमाव चालून येत आहे असें कळतांच तो बायकोला व तान्ह्या मुलीला मागें टाकून पळाला. त्यानें गुप्त शाईनें लिहिलेलें हेरगिरीचें पत्र पुढें संशोधकांस सांपडलें आहे. राजनिष्ठा हा अपराध नव्हे. पण शेजाऱ्यांत वावरून त्यांचीच बातमी शत्रूस पोंचविणें ही गोष्ट वेगळी. १७७६ सालीं तो लंडनला गेला. पत्नीची व त्याची पुन्हां भेट झाली नाहीं. ती १७९२ सालीं निवर्तली. लंडनला मात्र त्याचा भाग्योदय झपाट्यानें झाला. मंत्र्याच्या कचेरींत मोठा हुद्दा मिळाला, १७७९ सालीं बंदुकीच्या दारूवरील प्रयोगांमुळें रॉयल सोसायटीचें सभासदत्व मिळालें, आणि १७८४ सालीं राजानें त्याला सर ही पदवी दिली. त्याच सुमारास बव्हेरियाचा इलेक्टर कार्ल थिओडोर याच्या नोकरींत तो शिरला, आणि येथून त्याचें खरें काम सुरू झालें.

बव्हेरियाचें सैन्य त्या वेळीं अगदीं हलाखींत होतें. शिपायांस पगार तुटपुंजा व कपडे अपुरे. खजिन्यांतून अधिक पैसा न काढतां त्यांस ऊबदार पोषाख कसा द्यावा, हा प्रश्न टॉमसनपुढें आला. दुसरा कोणी कारभारी असता तर त्यानें दोन-चार व्यापाऱ्यांकडून भाव मागविले असते. यानें प्रयोगशाळा उघडली. एका कांचेच्या गोळ्याच्या मधोमध थर्मामीटर बसवून सभोंवतीं रेशीम, लोकर, कापूस, सशाची लव, बदकाचीं मऊ पिसें असे पदार्थ आळीपाळीनें भरावयाचे. तें सर्व उकळत्या पाण्यांत तापवून मग बर्फांत बुडवावयाचें. आणि ठराविक अंश उतरण्यास किती वेळ लागतो तें घड्याळ लावून पाहावयाचें, असा त्याचा क्रम असे. त्यांत त्याला एक आश्चर्यकारक गोष्ट आढळली. लोकर किंवा पिसें स्वतः उष्ण नसतात. त्यांच्या बारीक तंतूंत जी हवा अडकून पडते, ती हालूं शकत नाहीं, आणि ही कोंडलेली स्थिर हवाच उष्णतेची वाट अडविते. मोकळी हवा मात्र चोरासारखी ऊब उचलून नेते. एका जाड घोंगडीपेक्षां दोन पातळ चादरींनीं ऊब अधिक कां येते, हें कोडें आमच्या आज्यांना अनुभवानें ठाऊक होतें. त्याचें कारण या मनुष्यानें मापून दाखविलें. या संशोधनाबद्दल १७९२ सालीं रॉयल सोसायटीनें त्याला कॉप्ली पदक दिलें. त्याच्या आधींच, १७९१ सालीं, तो कौंट झाला होता; आणि पदवीसाठीं गांवाचें नांव निवडण्याची वेळ आली तेव्हां, जेथून जीव घेऊन पळावें लागलें त्याच गांवाचें जुनें नांव त्यानें घेतलें. यांत अभिमान किती व पश्चात्ताप किती, तें त्याचें त्यास ठाऊक.

म्यूनिक शहरांत भिकाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. १७९० सालच्या वर्षप्रतिपदेस, म्हणजे १ जानेवारीस, भिक्षा मागण्याचा मोठा दिवस साधून रम्फर्डनें सैनिक व शहराचे अधिकारी बरोबर घेतले आणि पहिल्या भिकाऱ्याच्या खांद्यावर स्वतः हात ठेविला. एका आठवड्यांत सुमारें २,६०० भिकाऱ्यांची नोंद झाली. त्यांस तुरुंगांत न टाकतां, दुसऱ्या दिवसापासून शहराबाहेरील एका मोठ्या इमारतींत येण्यास सांगितलें. तेथें उबेच्या खोल्या, सूत कांतण्याचें व कापड विणण्याचें काम, कामाचा मोबदला आणि दुपारचें जेवण तयार होतें. सैन्याचे गणवेष याच घरांत होऊं लागले. शिपाई पाठवून गरिबांस धरून आणणें आज आपणांस रुचणार नाहीं. परंतु त्यांना कामास लावण्यापूर्वीं आधीं उबेंत बसवावें व पोटभर जेवूं घालावें, हा क्रम त्यानें धरला, याबद्दल त्याची वाखाणणी केलीच पाहिजे.

हजारों माणसांच्या रोजच्या जेवणाचा खर्च भागवावा कसा? जव, वाटाणे, बटाटे, शिळ्या पावाचे तुकडे, शिरका, मीठ आणि पुष्कळ पाणी घालून त्यानें एक घट्ट सार बसविलें. बटाट्याविषयीं तेथील लोकांचा इतका तिटकारा कीं, आरंभीं ते गुपचूप शिजवून अगदीं विरघळून टाकावे लागले. लोकांस चव आवडल्यावर मग तो उघड घालूं लागला. पण अन्नाचा खर्च उतरल्यावर त्याचें लक्ष जळणाच्या खर्चाकडे गेलें. उघड्या चुलीवर भांडें ठेवलें असतां जाळ भांड्याच्या सर्व बाजूंनीं निसटून जातो, हें त्यानें हेरलें. त्यानें विटांचा ओटा बांधला; प्रत्येक भांड्यास त्यांत बेताचा खळगा केला, म्हणजे भांडें गळ्यापर्यंत आंत बसावें; प्रत्येकाखालीं स्वतंत्र लहानशी भट्टी, भट्टीस झडप, खालीं राखेचें दार, आणि धूर जाण्याच्या वाटेवरहि झडप. जाळ भांड्याच्या बुडाशीं व भोंवतीं फिरून मगच बाहेर पडावा, आणि स्वयंपाक होतांच दोन्ही झडपा लावून हवेचा प्रवाह बंद करतां यावा, अशी ती योजना होती. इंग्लंडमधील स्वयंपाकघरांत चहाची एक किटली उकळण्यास जेवढा कोळसा जातो, तेवढ्यांत नीट व्यवस्था ठेविल्यास पन्नास माणसांचें जेवण होईल, असा त्याचा हिशेब होता. आणखी एक गोष्ट तो स्वयंपाक्यांस पुनःपुन्हां बजावी. पाणी एकदां उकळूं लागलें म्हणजे जाळ कितीहि वाढविला तरी तें अधिक तापत नाहीं. नुसती वाफ अधिक होते. अन्न त्यानें लौकर शिजत नाहीं, लांकडें मात्र लौकर संपतात. खळखळ आवाज ऐकूं आल्यावांचून ज्यांस डाळ शिजते असें वाटत नाहीं, त्यांनीं हें अवश्य करून पाहावें.

आमच्याकडील तीन दगडांची चूल पाहिली असती तर या गृहस्थानें कपाळास हात लाविला असता! तिच्या तिन्ही तोंडांतून धग बाहेर पडते, वारा आला कीं जाळ एकीकडे व भांडें दुसरीकडे, आणि फुंकणीनें फुंकून फुंकून घरच्या बाईचे डोळे लाल होतात. ज्वाळेस चारी बाजूंनीं मातीची भिंत घालून भांड्याखालीं कोंडावें, हें तत्त्व सुधारलेल्या चुलींत पुढें आलें तें हेंच.

म्यूनिकच्याच कामांत त्यास आणखी एक धडा मिळाला. तांदळाचें दाट सार त्यानें जेवणासाठीं आणविलें आणि कामाच्या गडबडींत तें तासभर तसेंच राहिलें. वरचा चमचा घेतला तों गार. दुसरा खोल घातला तों तोंड भाजलें. पातळ पाणी इतक्या वेळांत केव्हांच निवलें असतें. मग हें कां निवूं नये? पुढें एका मोठ्या थर्मामीटरमधील मद्यार्कांत तरंगणारे धुळीचे कण उन्हांत चमकतांना त्यास दिसले. मधून वर चढणारा व कडेनें खालीं उतरणारा प्रवाहच जणूं डोळ्यांपुढें उभा राहिला. पातळ पदार्थांत व हवेंत उष्णता मुख्यतः अशा प्रवाहांवर बसून प्रवास करते. प्रवाह थांबविला कीं उष्णतेचा पायहि अडखळतो. दाट सारांत हा प्रवाह चालत नाहीं, आणि लोकरींत हवेचा चालत नाहीं. दोन्हींचें मर्म एकच निघालें.

१७९५ सालीं रम्फर्ड लंडनला परत आला. शहरांत शिरतांच सेंट पॉल देवळाजवळ त्याच्या गाडीवरील पेटी चोरांनीं लांबविली आणि कित्येक वर्षांचीं टिपणें त्यांत गेलीं. दुसरा कोणी हाय खाऊन बसला असता. हा मात्र लंडनच्या धुराड्यांकडे पाहूं लागला. शहरावर सदैव लोंबणारा तो काळा ढग म्हणजे न जळलेला कोळसाच आहे. लोक पैसे मोजून कोळसा घेतात, घरांत आणतात आणि मग आकाशांत उधळून देतात, असें त्याचें म्हणणें होतें.

त्यानें दोष कोठें आहे तें नेमकें दाखविलें. जळता निखारा दोन प्रकारें ऊब देतो. एक, त्याच्यापासून प्रकाशासारखे सरळ निघणारे उष्णतेचे किरण. ते माणसांवर व भिंतींवर पडून त्यांस तापवितात. दुसरी, निखाऱ्याच्या संगतीनें तापून वर जाणारी हवा व धूर. उघड्या शेगडींत ही दुसरी उष्णता सारी धुराड्यावाटे जाते, आणि इतकेंच नव्हे, तर खोलींतील आधींच उबलेली हवाहि ती आपल्याबरोबर ओढून नेते. गेलेल्या हवेची जागा भरण्यास दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आंत येते. म्हणजे जाळ जितका मोठा, तितका गार वारा अधिक! पाठ गारठते ती थंडीमुळें नव्हे, तर शेगडीमुळेंच. तेव्हां खोलीस उपयोगी पडणारे किरण तेवढे खरे. ते वाढवावे, आणि धुराड्याची हांव कमी करावी, एवढेंच काम उरलें.

जुनी शेगडी खोल व चौकोनी असे. तिच्या बाजूच्या भिंती एकमेकींकडे तोंड करून उभ्या, म्हणून त्यांवर पडलेली उष्णता तेथल्या तेथेंच जिरे. वरचा घसा एवढा विस्तीर्ण कीं, धुराडें साफ करणारें पोर त्यांतून सहज चढे. रम्फर्डनें शेगडी पुढें आणून उथळ केली आणि बाजूच्या भिंती तिरप्या करून मागील भिंतीशीं १३५ अंशांचा कोन केला. मागील भिंत १३ इंच रुंद असल्यास खोली १३ इंच व समोरचें तोंड ३९ इंच, असें त्याचें प्रमाण असे. तिरप्या भिंती लोखंडाच्या नकोत, विटांच्या किंवा दगडाच्या हव्यात, आणि त्यांस चुन्याचा पांढरा हात द्यावा, म्हणजे किरण खोलीकडे परततील. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे धुराड्याचा घसा त्यानें चार इंचांवर आणला. त्याच्या पुढल्या अंगाची कड गोल केली, म्हणजे धूर न अडखळतां वर सरके. आणि मागें एक सपाट पायरी ठेवली, म्हणजे वरून उलटून येणारा वारा तीवर आपटून परत फिरे. मग साफ करणाऱ्या पोरानें वर जावें कसें? त्यासाठीं मागील भिंतींत एक सुटा दगड किंवा कौल ठेवावें, काम पडेल तेव्हां काढावें व पुन्हां बसवावें, हेंहि तो विसरला नाहीं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या योजना अशाच एखाद्या क्षुल्लक अडचणीपाशीं अडतात. हा तेथें अडला नाहीं.

या सर्वांस खर्च काय? थोड्या विटा, थोडा चुना आणि गवंड्याची मजुरी. जुनी शेगडी पाडावी लागत नसे. तिच्या पोटांतच नवी बांधतां येई. जळण पूर्वींच्या निम्म्याहूनहि कमी लागतें, असा रम्फर्डचा दावा होता. प्रत्येक घरीं तो तंतोतंत खरा ठरला असेल असें नाहीं. परंतु धूर बंद झाला, खोली अधिक उबली व कोळसा कमी जळला याविषयीं लोकांचें एकमत झालें. लॉर्ड पामर्स्टनसारख्या सरदारांच्या वाड्यांपासून सुरुवात होऊन थोड्याच दिवसांत शेंकडों शेगड्या बदलल्या गेल्या. १७९६ सालीं त्यानें या विषयावर निबंध प्रसिद्ध केला, त्यांत गवंड्यांस समजतील अशा आकृत्या व मापें दिलीं. आणि पेटंट मात्र घेतलें नाहीं. ज्यास पाहिजे त्यानें बांधावी. एरवीं मानासाठीं व पैशासाठीं हपापलेल्या या माणसानें एवढी एक गोष्ट सर्वांस फुकट दिली. १८०० सालीं गिलरे नांवाच्या चित्रकारानें शेगडीकडे पाठ करून शेकत उभ्या असलेल्या रम्फर्डचें व्यंगचित्र काढलें. आणि जेन ऑस्टिनबाईंच्या नॉर्थँगर ॲबी या कादंबरींत जुन्या मठाच्या दिवाणखान्यांतहि रम्फर्डची शेगडी पाहून नायिकेची निराशा होते. यापेक्षां कीर्ति ती कोणती?

बंद लोखंडी किंवा मातीच्या शेगड्यांनीं जळण याहून अधिक वांचतें, हें त्यास जर्मनींतील अनुभवानें चांगलें ठाऊक होतें. परंतु इंग्रज गृहस्थास विस्तव डोळ्यांनीं दिसल्यावांचून चैन पडत नाहीं. म्हणून जें तो सोडणार नाहीं तेंच सुधारून द्यावें, असा शहाणपणा त्यानें केला.

शास्त्रज्ञांमध्यें मात्र त्याचें नांव दुसऱ्याच कारणासाठीं घेतात. म्यूनिकच्या शस्त्रागारांत तोफांस भोंक पाडतांना धातु भयंकर तापतो, हें तो पाहत असे. त्या वेळीं विद्वानांचें मत असें कीं, उष्णता हा एक अदृश्य द्रवपदार्थ असून तो वस्तूंत भरलेला असतो. रम्फर्डनें मुद्दाम बोथट सामता घेतला, तोफेचा ओतीव भाग पाण्याच्या पेटींत बसविला आणि घोड्यांकडून तो फिरविला. अडीच तासांनीं पाणी उकळूं लागलें. विस्तव नाहीं, निखारा नाहीं. आणि पाहणारांचीं तोंडें आश्चर्यानें उघडींच राहिलीं. घोडे फिरत राहतील तोंवर उष्णता निघतच राहते, तिला अंत नाहीं. जी अखंड निघते ती पदार्थ असूं शकत नाहीं, ती एक प्रकारची गति असली पाहिजे, हें अनुमान त्यानें १७९८ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडलें. तें सर्वमान्य होण्यास आणखी सुमारें पन्नास वर्षें लागलीं. घोड्यांच्या चाऱ्यावर पाणी उकळण्यापेक्षां तोच चारा जाळला तर अधिक ऊब मिळेल, असा शेराहि त्यानें त्या निबंधांत मारला आहे. काटकसर त्याच्या हाडींमासीं खिळली होती!

घर थंड ठेवण्याचा प्रश्न त्याला आमच्याइतका भेडसावला नाहीं. तरी त्याचीं तत्त्वें दोन्हीकडे सारखींच लागू पडतात. जी कोंडलेली हवा आंतली ऊब बाहेर जाऊं देत नाहीं, तीच बाहेरचें ऊन आंत येऊं देत नाहीं. लंडनमधील स्वतःच्या घरास त्यानें दुहेरी खिडक्या बसविल्या होत्या. देशावरील जाड मातीच्या भिंतींचें व माळवदाचें घर वैशाखांत पत्र्याच्या घरापेक्षां किती सुखाचें असतें, तें ज्यानें दोन्हींत दुपार काढली असेल त्यास सांगावयास नको. रम्फर्डच्याच प्रांतांतील ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्यानें १८३३ सालीं तळ्यांतील बर्फ जहाजांत भरून कलकत्त्यास आणलें, आणि पुढें तें मुंबईसहि येऊं लागलें. अर्ध्या पृथ्वीचा वळसा, त्यांत विषुववृत्ताचें ऊन. तरी तें टिकलें तें लांकडाच्या भुशासारख्या पोकळ पदार्थांत व त्यांत अडकलेल्या हवेंत गुंडाळल्यामुळें.

१८०४ सालच्या सुमारास त्यानें दोन सारखीं पितळी भांडीं गरम पाण्यानें भरून एक लखलखीत उघडें ठेवलें व दुसऱ्यास तागाच्या कापडाचें तंग आवरण घातलें. कपडा घातलेलें भांडेंच आधीं निवलें! चकचकीत पृष्ठापासून उष्णतेचे किरण कमी निघतात, हें त्याचें कारण. तेव्हां घासूनपुसून लख्ख ठेवलेलें भांडें नुसतें शोभेचें नाहीं. यावरून पुढें उडी मारून त्यानें ठरविलें कीं, पांढऱ्या कपड्यांनीं शरीराची ऊब टिकते. आणि पॅरिसच्या भर हिवाळ्यांत तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोषाख करून गाडींतून फिरे. येथें मात्र तो चुकला. अंगांतून निघणाऱ्या अदृश्य किरणांच्या बाबतींत पांढरें व काळें कापड जवळजवळ सारखेंच आहे. सूर्याच्या उन्हाची गोष्ट निराळी. तें पांढऱ्या रंगावरून परततें, आणि म्हणून उन्हाळ्यांत गच्चीवर दिलेला चुन्याचा हात खालची खोली निववितो.

१७९९ सालीं त्याच्याच पुढाकारानें लंडनमध्यें रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था निघाली. सुधारलेल्या चुली, शेगड्या व यंत्रें तेथें मांडावीं, कारागिरांनीं येऊन तीं पाहावीं व तशीं करावीं, हा त्याचा मूळ हेतु. हंफ्री डेव्ही या तरुणास त्यानेंच तेथें आणलें. परंतु यंत्रांचे मालक आपलीं गुपितें दाखविण्यास नाखूष होते, आणि रम्फर्डचा स्वभाव हुकूम सोडण्याचा. सहकाऱ्यांशीं त्याचें पटेना. १८०२ सालीं त्यानें इंग्लंड सोडलें. डेव्हीच्या व्याख्यानांनीं संस्था जगद्विख्यात झाली. मात्र चुलीचें प्रदर्शन मागें पडलें.

१८०५ सालीं पॅरिस येथें त्यानें दुसरा विवाह केला, तो थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये याच्या विधवेशीं. उष्णतेच्या ज्या द्रवास लाव्हाझियेनें आपल्या मूलतत्त्वांच्या यादींत बसविलें, तो द्रव मुळीं नाहींच असें रम्फर्डनें दाखविलें होतें. आणि शेवटीं दोघांचें घर मात्र एकच! बाईंना मेजवान्या व मित्रमंडळी प्रिय, याला एकांत व बागेंतील फुलें. एकदां त्यानें दरवाजास कुलूप लावून तिच्या पाहुण्यांस बाहेर ठेविलें. तेव्हां तिनें त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळतें पाणी ओतलें. १८०९ सालीं तीं विभक्त झालीं. हजारों अपरिचितांच्या घरांत ऊब पोंचविणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरांत ती कधींच फारशी टिकली नाहीं. पॅरिसजवळील ओतेय या गांवीं त्यानें उरलेलीं वर्षें दिवे, कॉफीचीं भांडीं, गाड्यांचीं चाकें यांवर प्रयोग करीत काढलीं, आणि २१ ऑगस्ट १८१४ रोजीं तेथेंच त्याचा अंत झाला. आपल्या मृत्युपत्रानें त्यानें हार्वर्ड विद्यालयास द्रव्य ठेविलें.

ज्या तान्ह्या मुलीस सोडून तो पळाला होता, ती एकवीस वर्षांची झाल्यावर १७९६ सालीं त्याला लंडन येथें प्रथम ओळखीनें भेटली. बापलेकींचें नेहमींच पटलें असें नाहीं. ती कांहीं वर्षें त्याच्याजवळ राही, पुन्हां अमेरिकेस जाई. अखेरीस ती कांकर्ड येथील आपल्या जन्मघरीं परतली. १८५२ सालीं ती वारली, तेव्हां तिनें तें घर व आपलें पुष्कळसें द्रव्य निराधार मुलींच्या आश्रयगृहासाठीं ठेविलें होतें.